न तोडलेलं जुनं जंगल नकाशावर ओळखायचं कसं?

नकाशेबाज (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. सध्या समशीतोष्ण पट्ट्यातल्या जंगलांच्या नकाशांवर काम चालू आहे. त्यातलाच एक प्रश्न इथे टाकतोय. ज्या तुकड्यांत गेल्या दीड-दोनशे वर्षांत तोड झालेली नाही असे तुकडे शोधायचे आणि त्यांच्या हद्दी आखायच्या. लॅन्डसॅट उपग्रहांची ३० मीटरची चित्रं १९८२ पासूनची मिळतात, त्यामुळे त्यानंतरची तोड पकडणं फारसं अवघड नाही. खरी गोम त्याआधीच्या काळात आहे. १९०० च्या सुमारास साफ करून पुन्हा वाढलेलं जंगल आणि कधीच साफ न केलेलं जंगल, दोन्ही वरून सारखीच हिरवी!

माझं मत असं, की विमानातून घेतलेला लायडार (लेसर किरणांनी उंची मोजायचं तंत्र) विदा, म्हणजे डेटा, हाताशी असेल तर झाडांची उंची, छत्रातले थर, मधल्या मोकळ्या जागा हे सगळं मोजून मशीन लर्निंगला द्यायचं. बहुतेक काम घरबसल्या होईल, प्रत्यक्ष जाऊन बघायचं ते नमुन्यापुरतं. तज्ज्ञांनी (आणि नसलेल्यांनीही) लिहावं.

विदा-विदूषक
वाचनखूण साठवली. आता खोडकर येतील आणि मशीन लर्निंगची खोड मोडतील.

खोडकर
आलोच :)

लायडारला आकार दिसतो, वय नाही. आणि झाडाच्या आकाराचा वयाशी आपण धरून चालतो तेवढा संबंध नसतो. पूर्व अमेरिकेतला हेमलॉक घ्या. दाट सावलीत हे झाड वाढ जवळपास थांबवून वाट बघत बसतं. जेमतेम ५ ते ८ सेंमी व्यासाचं खोड आणि वय २०० वर्षं, अशा नोंदी अमेरिकी वनखात्याच्या माहितीपुस्तकात आहेत. शेजारचं मोठं झाड पडून वर उजेड झाला की मग ते अंग धरतं. तुमच्या मॉडेलच्या लेखी मात्र ते परवाचं रोप.

दुसरं उदाहरण कॅनडातल्या नायगारा कड्याचं. या कड्याच्या भेगांत खुरटी, वाकडीतिकडी पांढरी सीडर वाढतात. १९८८ मध्ये गुएल्फ विद्यापीठातल्या डग लार्सन यांच्या गटाच्या लक्षात आलं की ही झाडं शेकडो वर्षांची आहेत, आणि पुढे काही तर हजारावर निघाली. खाली शेतं, रस्ते, माणसांची वर्दळ, आणि तरीही कुणाला पत्ता नव्हता! जुनं जंगल म्हणजे भव्य बुंधे अशीच सगळ्यांची समजूत, त्यामुळे कड्याकडे मान वर करून बघतंय कोण.

तिसरं, ओक्लाहोमा-टेक्सास भागातलं क्रॉस टिंबर्स. तिथले पोस्ट ओक २०० ते ४०० वर्षांचे आहेत, पण बुटके आणि गाठाळ. फळी निघत नाही, म्हणून लाकूडवाले तिकडे फिरकलेच नाहीत. तिथल्या ओसेज काउंटीसाठी वर्षवलय अभ्यासकांनी १९९८ मध्ये एक मॉडेल केलं. त्यांनी झाडं मोजली नाहीत. तीव्र उतार कुठे आहे, जमीन खडकाळ आणि हलकी कुठे आहे, म्हणजे तोडणं आणि नांगरणं कुठे परवडलं नसेल, एवढंच बघितलं आणि जुनी झाडं कुठे असावीत ते सांगितलं.

नकाशेबाज, तुम्ही झाडांना वय विचारताय. त्याआधी जमिनीला विचारा की इथे कुऱ्हाड आणायला कुणाला परवडलं असतं का.

समिधा_के
म्हणजे बुटकं दिसलं की म्हातारं समजायचं? मग रोपवाटिका म्हणजे आदिम अरण्यच म्हणायला हवं. (हलके घ्या)

खोडकर
समिधा, दिवे घेतले :) नाही, त्यालाही खुणा आहेत. पूर्व अमेरिकेतल्या पानगळी जंगलांतल्या जुन्या झाडांच्या बाह्य खुणांवर नील पेडरसन यांनी २०१० मध्ये छान लिहिलंय. भरात असलेल्या झाडाच्या सालीला उठावदार कंगोरे असतात. खूप जुन्या झाडात ते झिजतात, आणि खोडावर मधूनच गुळगुळीत, टक्कल पडल्यासारखे पट्टे दिसायला लागतात. खोड वरपर्यंत जवळपास सारखंच जाड राहतं, आणि नीट बघितलं तर किंचित नागमोडी असतं. छत्र लहान, फांद्या मोजक्या, पण त्या मनगटाएवढ्या नव्हे, मांडीएवढ्या आणि पिळवटलेल्या. एवढ्या मोठ्या खोडाला एवढीशीच पानं, असं वाटलं की थांबायचं.

खात्री करायची तर बोअरर, म्हणजे खोडात फिरवायचं पोकळ गिरमिट. पाच मिलिमीटर जाडीचा गाभा निघतो, तो घासून भिंगाखाली वलयं मोजायची. पण फार जुनी झाडं आतून पोखरलेली असतात. बोअरर फिरवता फिरवता हाताला एकदम सैल लागतं, आणि नळीतून लाकडाऐवजी ओला तपकिरी भुगा येतो. मग ‘निदान इतकी वर्षं’ एवढंच लिहिता येतं.

गंगाधर_७६
वनखात्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे थोडं विरोधात लिहितो. नकाशा काढण्याआधी व्याख्या लिहून भिंतीवर चिकटवा, नाहीतर पुढची सगळी भांडणं नकाशावरून होतील आणि ती खरी व्याख्येचीच असतील.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर डग्लस फरच्या जंगलांसाठी १९८६ मध्ये एक कामचलाऊ व्याख्या ठरली. जेरी फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांचं १९८१ मधलं काम तिच्या मुळाशी होतं. एकरी निदान ८ डग्लस फर, ३२ इंचांहून जाड किंवा २०० वर्षांहून जुने. शिवाय सावलीत वाढणाऱ्या जातींची झाडं, छत्रात अनेक थर, एकरी निदान ४ वठलेली उभी झाडं आणि जमिनीवर पडलेले किमान १५ टन ओंडके. म्हणजे बघा, मेलेलं लाकूडही जिवंत झाडांइतकंच मोजायचं. आमच्या पिढीला शिकवलं होतं की वठलेलं झाड म्हणजे वाया गेलेली जागा!

आता ब्रिटिश कोलंबिया बघा. तिथे किनाऱ्यावर २५० वर्षांपुढचं आणि अंतर्भागात बहुतेक ठिकाणी १४० वर्षांपुढचं जंगल जुनं धरतात. सरकारी हिशेबात असं जंगल १ कोटी ३२ लाख हेक्टर. ऐकायला भरपूर. २०२० मध्ये तिघा स्वतंत्र अभ्यासकांनी तोच विदा जमिनीच्या कसानुसार वेगळा काढला. बरंचसं क्षेत्र दलदलीतलं नाहीतर उंच डोंगरावरचं, लहान झाडांचं निघालं. सगळ्यात कसदार जमिनीवरचं, ज्याचे फोटो आपण बघतो ते महाकाय वृक्षांचं जुनं जंगल उरलं होतं सुमारे ३५ हजार हेक्टर. दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि दोन्ही बाजू आपापला आकडा घेऊन नाचतात.

म्हणून खोडकरांचे खुरटे ओक मला मान्य, पण ते दाखवून ‘जुनं जंगल पुष्कळ आहे’ म्हणणारेही असतात, हे ध्यानात असू द्या.

खोडकर
काका, शंभर टक्के सहमत. कसदार जमिनीवरचं जंगल आधी तुटतं, त्यामुळे जे उरतं ते मूळ जंगलाचा नमुना नसतंच. नकाशात वयासोबत जमिनीची प्रतही हवी.

कोरा_कागद
वठलेली झाडं आणि पडके ओंडके काढून टाकले तर जंगल स्वच्छ दिसेल, वणवाही लागणार नाही, कीडही पसरणार नाही. सरकार हे का करत नाही?

वाळवी
कोरा_कागद, माझं आयडी वाचा आणि मग पुन्हा विचारा :D

सई_रानवाट
कोरा_कागद यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, अगदी याच मुद्द्यावर युरोपात कोर्टकज्जे झाले. पोलंडमधल्या बियावोवियेझा जंगलात साल पोखरणाऱ्या किड्याचं कारण देऊन २०१६ मध्ये सरकारने तोड वाढवली. एप्रिल २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. किड्याने मारलेली स्प्रूस हा त्या जंगलाच्या व्यवहाराचा भाग आहे. मेलेल्या लाकडावर तिथले भुंगेरे, बुरशी, सुतार पक्षी जगतात. ओंडके उचललेलं जंगल दिसायला छान असेलही, पण काकांच्या १९८६ च्या व्याख्येत ते नापास होईल.

धागाकर्त्याच्या प्रश्नावर: ‘कुऱ्हाड न लागलेलं’ ही अट मला नीट कळली नाही. इंग्लंडमध्ये १९८१ पासून प्राचीन वनांची यादी करतात. तिथे निकष असा की १६०० सालापासून ती जागा सलग वनाखाली आहे. झाडं मात्र शतकानुशतकं बुडख्यापासून छाटलेली, धुमारे फुटून वाढलेली. जमीन जुनी, झाडं तरणी. तरीही तिथल्या मातीत आणि रानफुलांत जे आहे ते नव्या लागवडीत येत नाही. सुरुवातीला २ हेक्टरपेक्षा लहान तुकडे त्या यादीत नव्हते, म्हणजे किती गळले असतील विचार करा. तुम्हाला जमिनीचं सातत्य हवंय की झाडांचं वय? ही दोन वेगळी पानं आहेत.

नकाशेबाज
सई, मला झाडांचं वय आणि तोडीचा अभाव हवाय. पण लहान तुकड्यांचा मुद्दा नोंदवून घेतला. जगभरच्या ‘अखंड वनप्रदेश’ नकाशात किमान आकार ५०० चौरस किमी आहे. त्या चाळणीतून समशीतोष्ण भागातलं बहुतेक सगळंच गळून जातं.

विदा-विदूषक
आता माझी पाळी. दोन गोष्टी.

एक, अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये अध्यक्षीय आदेश निघाला की केंद्राच्या ताब्यातल्या जमिनीवरच्या प्रौढ आणि जुन्या जंगलांची मोजदाद करा. वर्षभरात आकडा आला: जुनं सुमारे ३ कोटी २० लाख एकर, प्रौढ सुमारे ८ कोटी एकर. लोकांनी लगेच विचारलं, नकाशा कुठाय? तसा नकाशा नव्हताच. तो हिशेब वनगणनेच्या मोजणी-जागांवरून केलेला, आणि अशी जागा साधारण ६००० एकरांमागे एक. त्यातून किती आहे ते चांगलं सांगता येतं. कुठे आहे, या ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, ते नाही. नकाशेबाज, तुमच्या साहेबाला नक्की काय हवंय ते आधी विचारून घ्या.

दोन, अंतराळ स्थानकावरचा जेडी लायडार. फुकट आहे म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडतात. त्याचा एकेक ठिपका २५ मीटरचा, ठिपक्यांमध्ये मोकळी जागा, आणि ५१.६ अक्षांशाच्या वर काहीच नाही. सईंचं बियावोवियेझा त्याच्या कक्षेबाहेर आहे! मधल्या जागा मॉडेलने भरायच्या, आणि मॉडेलला शिकवायला ‘जुनं जंगल’ म्हणून कोण कुठले नमुने देतं? राष्ट्रीय उद्यानांतले. मग मॉडेल उद्यानासारखं दिसणारं जंगल शोधून देतं. अचूकता ९५ टक्के, टाळ्या.

दप्तरी
सगळे आकाशाकडे बघताहेत म्हणून मी कागदांविषयी लिहितो.

अमेरिकेत १७८५ पासून सरकारी जमिनीची चौकटीत मोजणी सुरू झाली. चौकटीच्या कोपऱ्यावर खुंटी ठोकायची, आणि खुंटी हलली तर पंचाईत नको म्हणून जवळच्या झाडांना साक्षीदार करायचं: जात, व्यास, दिशा, अंतर वहीत. त्या वह्यांवरून वसाहतीपूर्वीचं जंगल कसं होतं ते आज मांडता येतं. अर्थात मोजणीदार माणूसच होता. टिकेल असं, खूण कोरायला सोपं असं झाड तो निवडणार. त्यामुळे त्या वह्यांतल्या जातींच्या प्रमाणावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

मध्य युरोपात हाब्सबुर्ग साम्राज्याचे लष्करी नकाशे आहेत. पहिली मोजणी १७६३ ते १७८७, दुसरी १८०६ पासून. त्यात वन कुठे होतं ते कळतं, कसं होतं ते नाही. सईंच्या भाषेत, जमिनीच्या सातत्याचा पुरावा मिळतो.

आणि सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे कोरोना. (तो नव्हे.) १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेच्या हेरउपग्रहांनी काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले झाले. नंतरच्या कॅमेऱ्यांत दोन मीटरच्या आसपासचं बारीक दिसतं. काळेपांढरे आहेत, पण साफ केलेला कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा), ओंडके ओढायची वाट, नवी लागवड हे कळतं. रुमानियातल्या कार्पेथियन जंगलांच्या अभ्यासात ते वापरलेत. लॅन्डसॅटच्या आधीची बारा वर्षं तुम्हाला त्यात मिळतील.

समिधा_के
हेरगिरीचे फोटो जंगलाच्या कामी! पण तेव्हा डिजिटल नव्हतं ना, फिल्म खाली कशी आणायचे?

दप्तरी
अवांतर आहे, पण राहवत नाही. फिल्मची कुपी उपग्रह खाली सोडायचा, तिला हवाई छत्री, आणि विमान मागे आकडे लोंबकळवत येऊन ती हवेतच पकडायचं. ऑगस्ट १९६० मध्ये पहिल्यांदा जमलं. चुकून समुद्रात पडलीच तर काही काळ तरंगायची, पण तिला मिठाचं बूच होतं. ते विरघळलं की कुपी बुडणार, म्हणजे शत्रूच्या हाती लागायला नको.

विदा-विदूषक
मिठाचं बूच! धागा वसूल.

वाळवी
दगडफुलांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. ब्रिटनमध्ये फ्रान्सिस रोझ यांनी १९७६ मध्ये जुन्या वनांची सलगता मोजायला दगडफुलांच्या जातींचा निर्देशांक काढला. त्यात लोबारिया हे मोठं पानासारखं दगडफूल प्रसिद्ध, ओलं झालं की झगझगीत हिरवं होतं. पण मला आवडतात ती टाचणी दगडफुलं. ईशान्य अमेरिकेतही जंगलाची सलगता जोखायला ती वापरतात. जुन्या झाडाच्या सालीच्या खाचेत, जिथे पाऊस थेट लागत नाही अशा कोरड्या बाजूला, एक-दोन मिलिमीटर उंचीचे काळे देठ आणि त्यावर टिंबाएवढी डोकी. दहापट भिंग घेऊन नाक सालीला टेकवल्याशिवाय दिसत नाहीत. दिसली की दोन दिवसांची दाढी वाढलेल्या हनुवटीसारखी दिसतात. हे कुठल्या उपग्रहातून दिसणार, सांगा.

एक पथ्य मात्र पाळायचं. लोबारिया प्रदूषित हवेत तग धरत नाही. ती सापडली तर पुरावा आहे, सापडली नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही.

भटका_ढग
लेख-प्रतिसाद सगळे वाचले, मस्त. पण एवढे नकाशे काढून जाहीर करायचे का? हायपेरियन हे जगातलं सगळ्यात उंच झाड, कॅलिफोर्नियातलं रेडवुड, २००६ मध्ये सापडलं. ठिकाण नेटवर फुटलं, लोकांनी बुंध्याभोवतीची नेची तुडवून माती उघडी केली, आणि २०२२ मध्ये उद्यानाला तो भाग बंद करून दंड आणि तुरुंगाची ताकीद द्यावी लागली. ऑस्ट्रेलियातल्या वोलेमी पाइन या दुर्मिळ झाडाचं ठिकाण १९९४ पासून गुप्त ठेवलंय, तरी चोरून जाणाऱ्यांच्या बुटांबरोबर मुळं कुजवणारा रोग तिथे पोचलाच.

सई_रानवाट
ढग, हा धोका एकेकट्या प्रसिद्ध झाडाला. अख्ख्या जंगलाला धोका पर्यटकांचा नसतो, तोडीच्या परवान्याचा असतो. आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याला जंगल कुठे आहे ते आपल्याआधी ठाऊक असतं. नकाशा लपवून फक्त सामान्य माणूस अंधारात राहतो. ब्रिटिश कोलंबियात २०२१ मध्ये २६ लाख हेक्टर धोक्यातलं जुनं जंगल नकाशावर जाहीर झालं, म्हणून तर तोड थांबवण्याची मागणी ठरावीक जागांबद्दल करता आली.

गंगाधर_७६
सई, अर्धं बरोबर. रुमानियात २००५ मध्ये आदिम जंगलांची मोजदाद पूर्ण झाली, सुमारे २ लाख १८ हजार हेक्टर. पण राष्ट्रीय सूची यायला २०१६ उजाडलं, आणि मधल्या काळात यादीतल्या काही जंगलांत तोड झाली. नकाशा आणि संरक्षण यांच्यात जितकी वर्षं जातील तितकं नुकसान. खासगी जमीन असेल तर मालकच ‘उद्या बंदी येईल’ म्हणून आज कापून मोकळा होतो.

समिधा_के
काका, हिमालयातल्या देवदारांचं काय? तेही समशीतोष्णच ना?

गंगाधर_७६
हो. पण आपल्या वन सर्वेक्षणाचे वर्ग छत्राच्या दाटीवर आहेत. ७० टक्के आणि वर म्हणजे अतिघन. दाट लागवडही त्यात बसते आणि विरळ, पुरातन देवदार खालच्या वर्गात जातात. रेल्वेच्या स्लीपरांसाठी इंग्रजांच्या काळात देवदार भरपूर तुटला, ओंडके नदीतून वाहवत खाली आणायचे. कुठल्या विभागात कुठल्या वर्षी कूप पडला याच्या नोंदी जुन्या कार्ययोजनांमध्ये असतात. दप्तरींसारखा कुणी धूळ झटकायला बसला तर त्यातून नकाशा निघेल.

खोडकर
मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण नकाशेबाजांच्या लायडारवर मी उगाच जास्त टीका केली असं वाटायला नको. लायडार वापराच, फक्त छत्र वजा करून जमीन बघा.

न्यू इंग्लंडमध्ये झाडं वजा केलेल्या लायडार चित्रात दगडी बांध, जुने गाडीरस्ते, कोळसा पाडायच्या भट्ट्यांचे सपाट गोल असं सगळं जंगलाच्या पोटातून वर येतं. जिथे ते दिसतं तिथे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी शेत, कुरण नाहीतर सरपणाची तोड होती. तो भाग बाद. उलट, मोठं झाड मुळासकट उन्मळलं की एक खळगा आणि शेजारी मातीचा उंचवटा होतो, आणि तो शतकानुशतकं टिकतो. एकदा नांगर फिरला की सपाट. विदा पुरेसा दाट असेल तर असे खळगे-उंचवटे पुसटसे दिसतात. ते भरपूर, आणि बांध-रस्ते-भट्ट्या नाहीत, अशा जागी पायी जा. मात्र नांगर फिरला नाही म्हणजे कुऱ्हाडही फिरली नाही असं नव्हे. तिथे वाळवींचं भिंग आणि माझा बोअरर लागणारच.

नकाशेबाज
हे पटलं. म्हणजे जुनं शोधत बसण्यापेक्षा जुनं नसलेलं आधी वगळत जायचं: लॅन्डसॅटने १९८२ नंतरची तोड, कोरोनाने साठ-सत्तरची, लायडारच्या जमिनीने त्याआधीची शेती. उरेल ते उतार आणि जमिनीच्या प्रतीनुसार क्रमाने लावायचं आणि वरून खाली पायी तपासत जायचं. काकांची व्याख्या भिंतीवर. अंतिम नकाशात ‘तपासलेलं’ आणि ‘न तपासलेलं’ हे दोन रंग वेगळे ठेवीन, नाहीतर लोक अंदाजालाच सातबारा समजतात.

दप्तरी, एक शंका. कोरोनाची पट्टी आजच्या नकाशावर बसवताना कडेला फार ताणली जाते. काय करता?

दप्तरी
कॅमेरा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुलत फोटो काढायचा, म्हणून टोकं विकृत असतात. अख्खी पट्टी एका दमात बसवू नका. तुकडे करा, दोन्ही टोकांचा थोडा भाग सोडून द्या, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळे खुणेचे बिंदू द्या. चर्च, जुने पूल, रस्त्यांचे चौक चालतात. नदीचा काठ घेऊ नका, पन्नास वर्षांत तो कुठल्या कुठे सरकलेला असतो. डोंगराळ भाग असेल तर उंचीचा विदा सोबत लागेलच. एखादा तुकडा अडला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.